वेदना : देहाची आणि माणसाची

या नगरीत वेदनाशमनाचा इतिहास सांगताना मला प्रथम अफूच आठवते. शिंदेशाहीत उज्जैन ही माळवी अफूची मोठी पेठ होती. त्याच अफूतून वेदनाशामक मॉर्फीन निघते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचक अटींमुळे ते कर्करोग्यांनाही दुर्मीळ झाले; २०१४ च्या दुरुस्तीने वाट काहीशी सुकर केली.

तथापि वेदना केवळ देहाची नसते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स शुश्रूषागृह उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी देह, मन, कुटुंब आणि श्रद्धा अशा चारही अंगांनी तिचा विचार केला. मुंबईत १९८६ साली ‘शांती अवेदना’ने हेच व्रत घेतले. देहाची कळ थांबली, तरच रुग्ण मनातील भय बोलू शकतो. म्हणून औषध आणि आस्था यांची फारकत होऊ नये, असे मला वाटते.