वाढदिवस : राजवाड्यातून ओसरीवर

मुलाचा वाढदिवस कसा साजरा करावा आणि तो ऐपतीत कसा बसवावा, हा प्रश्न आजच्या तरुण आईबापांना नवा वाटतो. परंतु तो फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणी लोकांच्या चालीरीती सांगताना लिहून ठेवले आहे, की वर्षातील सर्व दिवसांपेक्षा इराणी माणूस आपल्या जन्मदिवसाला अधिक मान देतो. त्या दिवशी श्रीमंताच्या घरी बैल, घोडा, उंट किंवा गाढव अख्खे भाजून वाढले जाते, आणि गरीब लहान जनावरावर भागवतो. म्हणजे वाढदिवसाच्या जेवणाचे दोन हिशेब अडीच हजार वर्षांपूर्वीही मांडले जात होते. गरिबाने लहान जनावर कापले म्हणून त्याचा वाढदिवस उणा ठरला, असे मात्र हिरोडोटस कोठेही म्हणत नाही.

आपल्या धर्मपरंपरेने या दिवसाकडे बराच काळ संशयाने पाहिले. तिसऱ्या शतकातील थोर भाष्यकार ओरिजेन याने नेमके बोट ठेवले होते, की पवित्र शास्त्रात जन्मदिवसाची मेजवानी देणारे आढळतात ते फारो आणि हेरोद, आणि दोघांच्याही मेजवानीला रक्ताचा डाग आहे. उत्पत्तीच्या चाळिसाव्या अध्यायात फारोने आपल्या जन्मदिवशी मुख्य भटाऱ्याला फासावर दिले. (ज्या सणात पुढे केकलाच सिंहासन मिळायचे होते, त्याच्या पहिल्याच नोंदीत भटाऱ्याचा बळी जावा, हा योगायोग विलक्षण खरा.) हेरोदाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच. मार्कने तेथे पाहुण्यांची यादी दिली आहे : दरबारी सरदार, सैन्याचे अधिकारी आणि गालीलातील प्रतिष्ठित मंडळी. योहानाचे शिर मागितले गेले तेव्हा राजाला फार वाईट वाटले. परंतु घेतलेल्या शपथेखातर आणि पंक्तीला बसलेल्या पाहुण्यांखातर त्याला नाही म्हणवेना. पाहुण्यांखातर! वाढदिवसाच्या इतिहासात आम्हांला हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो पुढेही आपली पाठ सोडणार नाही.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने हुतात्म्यांचा मृत्युदिन हाच त्यांचा खरा जन्मदिवस मानला. उपासनेच्या पंचांगात आजही जन्मोत्सव तीनच : नाताळ, ८ सप्टेंबरला मरियामातेचा आणि २४ जूनला योहानाचा. बाकी सर्व संतांचे स्मरण बहुधा त्यांच्या मरणतिथीला होते. त्यामुळे कॅथलिक देशांत मुलाचे कौतुक व्हायचे ते त्याच्या नामसंताच्या दिवशी. त्या दिवशी गावातल्या सर्व योहानांचा आणि सर्व मरियांचा सण एकदमच येई, आणि खर्चही वाटला जाई.

जन्मतारखेची नोंद मात्र ख्रिस्तसभेनेच जपली. त्रेंतच्या धर्मपरिषदेनंतर, म्हणजे १५६३ नंतर, धर्मग्रामांतून बाप्तिस्म्याच्या वह्या नियमाने ठेवल्या जाऊ लागल्या. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १८३७ साली सुरू झाली. स्वतंत्र भारताचा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीतील कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, याचे कारण त्या दिवशीचा ग्रहयोग नव्हे. शाळेत नाव घालताना बापाला तारीख सांगता येत नसे, मग गुरुजी शाळेच्या वर्षाच्या सोयीने ती तारीख लिहून टाकीत. दाखल्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या वयस्क मंडळींची खरी तारीख आमच्या वहीत निघते आणि शाळेच्या कागदावर १ जून असतो, असे अनेकदा घडते. त्यांना त्याचे सोयरसुतकही नसते. आयुष्यात कधी कोणी त्या दिवशी मेणबत्ती लावलेलीच नसते.

याचा अर्थ आपल्या देशात जन्मदिवस नव्हते असा नाही. तिथीने वाढदिवस करण्याची, मार्कंडेयाचे पूजन करून तीळगूळ घातलेले दूध पिण्याची, औक्षणाची चाल हिंदू घरांत जुनी आहे. मोगल दरबारात बादशहाची तुला होई. अबुल फजलच्या 'ऐन-इ-अकबरी'त तिचे तपशील आहेत. सौर वाढदिवसाला अकबराला सोने, रेशीम, तांबे, तूप, मीठ अशा बारा वस्तूंनी तोलीत. राजपुत्राची तुला दुसऱ्या वर्षी सुरू होई आणि तीही एकाच वस्तूने. पुढे दर वर्षी एक वस्तू वाढे. तोललेले धन दानात जाई. १६१७ साली मांडू येथे जहांगीरची तुला इंग्रज वकील सर टॉमस रो याने डोळ्यांनी पाहिली. मूल जितके लहान तितका थाट लहान, हा विवेक निदान तराजूपुरता तरी बादशहाच्या घरात होता, याची आम्हांला गंमत वाटते.

परंतु लहान मुलाच्या सोहळ्याचा खरा मराठी नमुना पाहायचा तर तो बोरन्हाणात. मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही, पाच वर्षांच्या आतल्या बाळाला काळे झबले घालतात, हलव्याचे दागिने चढवतात, मुलगा असेल तर हलव्याचा मुकुट आणि हातात बासरी देऊन त्याचा बाळकृष्ण करतात, पाटावर बसवतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा आणि चुरमुरे ओततात. भोवती जमलेली आळीतली पोरे ते वेचायला तुटून पडतात. आज ज्याला 'थीम' म्हणतात ती येथे संपूर्ण आहे : रंग ठरलेला, वेष ठरलेला, खाऊ ठरलेला, खेळही तोच आणि पाहुण्या मुलांना द्यायची भेटही तीच. सारा माल त्या ऋतूत बाजारात स्वस्त मिळणारा. हलवा घरच्या परातीत, मंद आचेवर, बायकांच्या बोटांनी होई. आमच्या हिंदू शेजाऱ्यांच्या ओसरीवर हा सोहळा आम्ही लहानपणी पाहिलेला आहे, आणि शेंगा वेचण्यात आमचाही वाटा असे.

मेणबत्त्यांचा केक आला जर्मनीकडून. १८०१ च्या ऑगस्टमध्ये कवी गटे गोथा येथे राजपुत्राचा पाहुणा होता. त्याच्या बावन्नाव्या जन्मदिवशी सेवकांनी पेटत्या रंगीत मेणबत्त्यांनी भरलेला मोठा केक आणला. मेणबत्त्या पन्नासच्या आसपास, आणि त्या एकमेकींना वितळवू लागल्या. मुलांच्या अशा सणात येणाऱ्या वर्षांच्या मेणबत्त्यांसाठी जागा उरते, तशी येथे उरली नव्हती, अशा आशयाचे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे मुलांसाठी ही चाल त्या मुलखात तेव्हाच रुळलेली होती. गरिबाच्या घरी ती यायला साखर स्वस्त व्हावी लागली. १७४७ साली बर्लिनच्या मार्गग्राफने बीटातून साखर निघते हे दाखवले. इंग्लंडने १८७४ साली साखरेवरील जकात उठवली. मध्यंतरी, १८४३ मध्ये, बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून बेकिंग पावडर तयार केली आणि केक फुगवण्याचा त्रास पुष्कळ हलका झाला. आपल्याकडे कढईत वाळू तापवून आणि झाकणावर निखारे ठेवून केक भाजणाऱ्या, आणि पुढे ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये भाजणाऱ्या माउल्यांवर बर्डसाहेबांचे केवढे ऋण आहे!

आता त्या 'थीम'कडे वळू. ती श्रीमंतांची चैन आहे, असा समज आहे. तिचा अलीकडचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेतील डेनिसन या कंपनीचा धंदा १८४४ साली जवाहिऱ्यांसाठी कागदी डब्या करण्यापासून सुरू झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चुणीदार, ताणला जाणारा क्रेप कागद बाजारात आला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की गृहिणीने हा कागद घ्यावा कशाला? मग त्यांनी पुस्तिका काढल्या. १९०९ पासूनचे त्यांचे 'बोगी बुक' हॅलोवीनच्या सजावटीचे. पुढे कागदाचे पोशाख, टोप्या, टेबलावरचे आच्छादन, झालरी कशा कराव्यात हे शिकवणाऱ्या पुस्तिका निघाल्या. दोन रंगांचा कागद, कात्री, खळ आणि एक कल्पना : एवढ्यावर जेवणाच्या खोलीचा बगीचा होई किंवा जहाज होई. कंपनीला कागद खपवायचा होता, हे उघड आहे. तरी ज्या घरात चांदीची भांडी नव्हती त्या घरातील बाईच्या हाती तिने एक युक्ती दिली. महागाची वस्तू नसेल तर सगळीकडे एकच रंग, एकच चित्र योजावे. मग पाहणाऱ्याला उणीव जाणवत नाही.

फुग्याचीही कथा अशीच आहे. रबराचा फुगा मायकेल फॅरेडे यांनी १८२४ साली लंडनमध्ये वायूंच्या प्रयोगांसाठी केला. १९३१ साली, मंदीच्या दिवसांत, मॅसॅच्युसेट्समधील नील टिलॉटसन यांनी पुठ्ठ्याचा मांजराच्या डोक्यासारखा साचा कापला, तो रबराच्या चिकात बुडवला आणि कानवाला फुगा काढला. मंदीतही आईबापांना तो परवडला.

दिशा बदलली ती चित्रपटांतील पात्रे विक्रीला निघाल्यावर. १९३२ मध्ये के कामेन या जाहिरात व्यावसायिकाने डिस्ने यांच्या पात्रांचे परवाने देण्याचा कारभार हाती घेतला, आणि मिकी उंदीर घड्याळांवर, डब्यांवर, खेळण्यांवर जाऊन बसला. तेव्हापासून थीम घरी सुचण्याची वस्तू न राहता दुकानात निवडण्याची वस्तू होऊ लागली. आपल्याकडे १९९१ नंतर बाजार खुला झाला, वाहिन्या आल्या. २००८ साली छोटा भीम अवतरला, आणि ताटल्या, पेले, टोप्या, पडदे, केक यांवर एकच चेहरा छापलेला संच मिळू लागला. कागदी ताटलीत केकचा तुकडा, सामोसा आणि मूठभर वेफर्स, सोबत पेलाभर रसना, हा आमच्या पिढीचा वाढदिवस मागे पडला.

वाईट याचे वाटते, की पहिल्या वाढदिवसासाठी कर्ज काढणारी जोडपी आम्ही पाहत आहोत. हॉल, फुग्यांची कमान, ध्वनिवर्धक, तीनशे पाने. ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे ते बाळ बहुधा आवाजाला घाबरून रडत असते किंवा झोपलेले असते. विचारले तर उत्तर ठरलेले : "फादर, लोकांनी आम्हांला बोलावलं होतं, आम्हांला बोलवायला नको?" पुन्हा तेच, पाहुण्यांखातर. आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्या समाजात लग्नाच्या पंगतीवरून घराण्याची किंमत होते, तेथे वर्षाच्या बाळाची सुटका कशी व्हावी? ज्यांना हे झेपत नाही ती माणसे मात्र हळूहळू इतरांच्या वाढदिवसांनाही यायचे टाळतात, आणि त्यांची मुले खिडकीतून पाहत राहतात. खर्चापेक्षा हे नुकसान मोठे आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका माउलीने गेल्या वर्षी वेगळा मार्ग धरला. घरधन्याची नोकरी सुटलेली, आणि मुलगी चार वर्षांची होणार. मुलीला मासे फार आवडतात. थीम तीच ठरली. निळ्या क्रेप कागदाच्या पट्ट्या दारात लाटांसारख्या सोडल्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या करून प्रत्येक पाहुण्या मुलाला स्वतःच त्यावर मासा रंगवायला बसवले, त्यात पाऊण तास आनंदात गेला. मग काठीला दोरा आणि लोहचुंबक बांधून, टाचणी लावलेले कागदी मासे परातीतून 'पकडण्याचा' खेळ. केक घरचा, माशाच्या आकाराचा : एका गोल केकची त्रिकोणी फोड कापून तीच मागे शेपटी म्हणून लावलेली, कापलेली जागा माशाचे उघडे तोंड झाली. बोलावली होती आळीतली सात मुले. त्यांत दोन खिडकीतली होती. सारा कार्यक्रम दोन तासांचा, संध्याकाळी पाच ते सात, म्हणजे जेवणाचा प्रश्नच नाही. तिला आम्ही बोरन्हाणाविषयी विचारले. ते तिच्या ध्यानीमनीही नव्हते. ती म्हणाली, "फादर, पैसे नव्हते म्हणून सुचलं." मुलांनी पकडलेले मासे घरी नेले, आणि निळा कागद तिने घडी घालून नाताळच्या गोठ्यासाठी कपाटावर ठेवला.