आँगार

आँगार : फ्रान्सच्या सोम जिल्ह्यातील एक लहान खेडे. आमियाँ शहराच्या आग्नेयेस, ल्यूस या ओढ्याएवढ्या नदीच्या काठी वसलेले. इंग्रजी कागदपत्रांत ते ‘हँगार्ड’ म्हणून सापडते. फ्रेंच बोलण्यात पहिला ‘ह’ आणि शेवटचा ‘ड’ दोन्ही गळून पडतात. मराठी वाचकाने या गावाची दखल घ्यावी ती तेथील एका कबरीसाठी. मुंबईचे वैमानिक लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंकर यांना येथे मूठमाती मिळाली आहे.

एप्रिल 1918 मध्ये आमियाँ वाचवण्याच्या झुंजीत हे गाव आणि उत्तरेकडचे रान अनेकदा हातचे गेले आणि परत आले. 8 ऑगस्टला कॅनडाच्या फौजेने गाव कायमचे मोकळे केले आणि गावच्या दफनभूमीला लागून सैनिकांसाठी नवी जागा आखली. सुरुवातीला तेथे थोड्याच कबरी होत्या. युद्ध थांबल्यावर आसपासच्या शेतांतून व लहान दफनभूमींतून अवशेष आणले गेले, तेव्हा ती वाढली. वेलिंकर वारले 30 जूनला, म्हणजे ही जागा आखण्याआधी. त्यांचे दफन प्रथम जर्मनांनी केले होते. येथे ते मागाहून आले.

केंब्रिजचे विद्यार्थी असलेले वेलिंकर पहिल्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलात वैमानिक झालेल्या चार भारतीयांपैकी एक. उरलेले तिघे हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि इंद्रलाल रॉय. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या या दलात शिरणे हीच पहिली लढाई होती. मलिक यांचाही अर्ज आधी फेटाळला गेला होता.

वेलिंकर 23 व्या स्क्वॉड्रनमध्ये ‘सॉपविथ डॉल्फिन’ हे एकआसनी विमान चालवत. त्याची घडण चमत्कारिक होती. वरचा पंख खालच्यापेक्षा मागे सरकवलेला, आणि वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या उघड्या सांगाड्यातून बाहेर. नजर चौफेर पोचायची खरी, पण उतरताना विमान उलटले तर पहिला फटका डोक्यालाच, म्हणून वैमानिक या विमानाला बिचकत. पॅराशूट तेव्हा ब्रिटिश वैमानिकांना दिलेच जात नव्हते. 27 जून 1918 रोजी वेलिंकर गस्तीवर निघाले ते परतले नाहीत. जखमी अवस्थेत ते शत्रूच्या हाती पडले आणि तीन दिवसांनी कैदेतच वारले.

यापुढची गोष्ट विमानाची नाही, नावाची आहे. जर्मन नोंदीत वेलिंकरचे ‘वुमकर’ झाले आणि कबरीवरही तेच चढले. परक्या कानाला आपली आडनावे कशी ऐकू येतात याचा हा नमुना हसण्यावारी नेता येईल, पण ही चूक तशीच राहती तर आँगारला एक अनोळखी वुमकर उरला असता आणि खरे नाव आरास येथील विमानदलाच्या स्मारकावर गेले असते. ज्यांची कबर सापडली नाही अशा सुमारे हजार वैमानिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. युद्धानंतर शोध घेऊन ‘वुमकर’ म्हणजेच वेलिंकर हे ठरले, आणि दगडावर त्यांचे स्वतःचे नाव आले.

पडलेल्या विमानाचे पाहण्याजोगे असे काहीच उरत नाही. त्या काळची विमाने लाकूड, कापड आणि तारांची; उरलेसुरले नांगराखाली गेले. वेलिंकर पडले ती जागा दाखवणारा दगड शोधू पाहणाऱ्याने थेट आँगारला यावे हे बरे. इंद्रलाल रॉय 22 जुलै 1918 रोजी कार्व्हँजवळ पडले, त्यांची कबर उत्तरेकडे एस्तव्हेल येथे असून तिच्यावर बंगाली अक्षरे आहेत. वेलिंकर यांच्या दगडावरचा मजकूर इंग्रजीत आहे, आणि तो त्यांना साम्राज्याचा शूर पुत्र म्हणतो. त्या काळच्या मुंबईला यात वावगे वाटले नसेल. आजचा वाचक ‘साम्राज्य’ या शब्दापाशी थबकतो.

परदेशी मातीत राहिलेला मराठी माणूस म्हटले की सोलापूरकरांना आठवतात डॉ. द्वारकानाथ कोटणीस. ते 9 डिसेंबर 1942 रोजी चीनमध्ये वारले. समाधी शिच्याच्वांगला, आणि सोलापुरात भैय्या चौकातले त्यांचे घर स्मारक म्हणून जपलेले. त्यांच्यावर 1946 साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. वेलिंकर यांच्या वाट्याला ल्यूसकाठची ही कबरींची रांग आली.