धवळ्यांचा हरवलेला सूर

आर्वीकडून वर्धा नदी ओलांडून पैलतीरीं गेलें म्हणजे कौंडिण्यपूर लागतें. विदर्भराजा भीमकाची ही राजधानी, आणि येथल्याच अंबिकेच्या देवळाहून श्रीकृष्णानें रुक्मिणीस हरण करून नेलें, अशी या भागांतील लोकांची दृढ श्रद्धा आहे. पुराणकथेची भूगोलाशीं गांठ घालण्याच्या भरीस इतिहासाच्या अभ्यासकानें पडूं नये हें खरें. परंतु या कथेवर सातशें वर्षांपूर्वीं, वऱ्हाडांतच, एका विधवा बाईनें जीं गाणीं रचलीं तीं मात्र निखालस इतिहासाच्या कक्षेंत येतात. तीं गाणीं म्हणजे महदंबेचे धवळे.

महदंबा ही मराठींतील आद्य कवयित्री, हें वाक्य आमच्या विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें, आणि परीक्षेंत त्यावर एक गुण हमखास मिळतो. मी स्वतः तें वाक्य पुष्कळ वर्षें शिकवीत आलों. त्यांत खोटें कांहीं नाहीं. पण तें अर्धेंच खरें आहे. धवळा हा मुळांत वाचावयाचा काव्यप्रकार नव्हेच. तो लग्नांत गावयाचा गीतप्रकार आहे. महदंबेनें धवळे लिहिले नाहींत, गायिले. तिला केवळ कवयित्री म्हणून आपण तिच्या कर्तृत्वांतला अर्धा वांटा, अजाणतां कां होईना, वजा करून टाकतों.

तिच्या आयुष्याविषयीं जें समजतें तें बहुतेक महानुभावांच्या गद्य ग्रंथांतून. महदंबा, महदाइसा, रूपाई अशीं तिचीं नांवें आढळतात. ती बालविधवा होती, आणि पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांच्या नात्यांतली बहीण. प्रथम ती दादोसांच्या शिष्यवर्गांत होती. पुढें चक्रधरस्वामींचें दर्शन घडल्यावर ती त्यांचीच झाली. लीळाचरित्रांत ती जागोजाग भेटते ती प्रश्न विचारतांना. असें कां, तसें कां नाहीं, याचा अर्थ काय, हा तिचा धोशा सुटत नाहीं. आणि स्वामींनींही तिच्या या जिज्ञासेचें कौतुकच केलें आहे. म्हाइंभटांनीं लीळा गोळा करावयास घेतल्या तेव्हां कितीएक लीळा त्यांस तिच्या स्मरणांतून मिळाल्या. गाणाऱ्या माणसाची धारणाशक्ति ती! माझ्या मतें या दोन गोष्टींचा परस्परांशीं संबंध आहे.

चक्रधरांमागें शिष्यमंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेंत येऊन राहिली. ज्ञानेश्वरी (१२९०) ज्या पिढींत झाली त्याच पिढींतली ही हकीकत. गोविंदप्रभूंचें, म्हणजे राऊळांचें, वागणें लोकांस वेडगळ वाटे. मुलांत मूल होऊन खेळावें, वाटेल त्या घरांत शिरावें, हंसावें, रुसावें. एकदां त्यांस लग्नाची लहर आली. भक्तांनीं ती मोडली नाहीं; लग्नाचा थाट मांडला. आतां लग्न म्हटलें कीं धवळे हवेत, आणि ते गाण्याचें काम महदंबेकडे आलें. राऊळ म्हणजे प्रत्यक्ष श्रीकृष्णच, या भावनेनें तिनें रुक्मिणीचें लग्न गावयास घेतलें. विधवेनें मंगलकार्यांत पुढें येऊं नये ही आपल्या समाजाची जुनी रूढी. त्या रूढींत वाढलेल्या बाईनें लग्नघरांतील मुख्य गायिका व्हावें, ही घटना मला त्या धवळ्यांतील कोणत्याही अलंकारापेक्षां मोठी वाटते.

धवळ्यांचे दोन भाग आहेत. पूर्वार्ध या प्रसंगाचा, आणि उत्तरार्ध मागाहून रचलेला. एकंदर संख्या सुमारें १५०. भीमकाच्या घरांतली वाटाघाट, रुक्मीचा हट्ट, रुक्मिणीनें ब्राह्मणाकरवीं पाठविलेला निरोप, हें सारें त्यांत घरगुती बोलीनें आलें आहे. या रचनेस छंदशास्त्राचा गज लावून पाहिला म्हणजे पंचाईत होते. शेवटचें यमक ठाकठीक असतें, पण चरणांतील अक्षरें मोजूं लागलें तर हिशेब जुळत नाहीं. यास कोणी आरंभकाळचा सैलपणा म्हणतील. मला हा सैलपणा वाटत नाहीं. गातांना एक अक्षर दोन मात्रा ताणतां येतें, चार अक्षरें एका मात्रेंत घालतां येतात. कागदावर जें लंगडतें तें गळ्यांत चालतें. जात्यावरची ओवी कागदावर उतरवून पाहिली तर हाच अनुभव येतो.

धवळा हें गीत होतें याला भक्कम आधार आहे. देवगिरीस यादवराजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा एक विद्वान होता. आजोबा काश्मिरांतून दक्षिणेंत आलेले, आणि स्वतःची नोकरी राजाच्या हिशेबखात्यांतली. त्यानें तेराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याच्या प्रबंधाध्यायांत ओवी व मंगल यांच्या जोडीला धवल येतो. त्याचे कीर्ति, विजय व विक्रम असे तीन भेद, अनुक्रमें चार, सहा व आठ चरणांचे, तो सांगतो. शुभाशीर्वादाचे शब्द घालून हें गीत गावें असें म्हणतो, आणि शेवटीं मोकळेपणानें कबूल करतो कीं, लोकांत जसा प्रचार असेल तसा धवल वाटेल त्या रीतीनेंही गावा.

येथेंच खरी मेख आहे. शार्ङ्गदेवाजवळ स्वरलिपि नव्हती असें नाहीं. अनेक रागांचे आलाप त्यानें सा, री, ग अशा अक्षरांनीं लिहून ठेविले आहेत. धवलाची चाल मात्र त्यानें लिहिली नाहीं, कारण ती घरोघर बायकांस येत होती. जें सर्वांस येतें तें लिहावयाचें कशाला?

युरोपांत प्रबोधनकालाच्या उषःकालीं ग्यियोम द्युफाय नांवाचा एक संगीतकार होऊन गेला. तो १४७४ सालीं वारला. १४२३ सालीं इटलींत कार्लो मालातेस्ता व व्हित्तोरिया कोलोन्ना यांचें लग्न झालें, त्याप्रीत्यर्थ त्यानें एक गीत रचिलें. वधू ही पोपची पुतणी. तें गीत स्वरांसह हस्तलिखितांत उतरलें, तें हस्तलिखित आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे, आणि आजचा गायक तें समोर ठेवून गाऊं शकतो. महदंबा त्याच्या सुमारें सवाशें वर्षें आधींची. तिच्याही लग्नगीतांचे शब्द शाबूत आहेत. १२९६ सालीं देवगिरीवर अल्लाउद्दीनाची स्वारी आली, राज्य खिळखिळें झालें; पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंद केले. राजवाड्यांनीं त्यांतली सकळ लिपि उलगडली, आणि यवतमाळचे यशवंत खुशाल देशपांडे, विष्णु भिकाजी कोलते आदि पंडितांनीं या वाङ्मयासाठीं जन्म वेंचले. त्यांचें ऋण फेडतां येण्याजोगें नाहीं. परंतु कुलूप उघडल्यावर पेटींत शब्द सांपडले, सूर नव्हता.

तो कोठें शोधावा? गुजरातेंत ‘धोळ’ नांवाचें गीत अजून गातात. हें नांव धवलाचेंच रूप होय. आणि आपल्याकडे रायगड-ठाण्याच्या किनारपट्टींत, आगरी समाजांत, धवलारीण लग्नांतील एकेका विधीला तिचें तिचें गीत गाते. तिची चाल ती महदंबेची चाल, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. सातशें वर्षांत चालींची पुष्कळ उलथापालथ होते. पण नांव टिकलें, प्रसंग टिकला, गाणारी बाईच राहिली, हें कांहीं थोडें नव्हे. रिद्धपुरास २०२४ सालीं मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. तेथील एखाद्या तरुण अभ्यासकानें ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन किनाऱ्यावर जावें, आणि महदंबेचे दहा-पांच धवळे एखाद्या वयस्क धवलारणीस वाचून दाखवून तिला ते गावयास सांगावें. मोजणींत न बसणारीं तीं अक्षरें ती कोठें ताणते आणि कोठें गिळते, तेवढें तरी टिपून आणावें.