मळ्याच्या फाटकापुरते नाणे

नाण्यांच्या एका प्रदर्शनात मी पितळेची एक चकती पाहिली. मधोमध भोक, कडेने इंग्रजीत आसामातल्या एका चहामळ्याचे नाव. त्यावर राणीचा मुखवटा नव्हता, सरकारचे नाव नव्हते. शेजारच्या चिठ्ठीत धातू, वजन, आकार आणि ‘दुर्मिळ’ असा शेरा होता. ही चकती दिवसभराच्या राबणुकीबद्दल ज्याच्या तळहातावर पडली, त्याच्याविषयी मात्र चिठ्ठीत एक अक्षरही नव्हते.

१८३९ साली आसाम कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या काही दशकांत जंगले तोडून मळे उभे राहिले. राबायला माणसे आणली ती मुख्यतः छोटा नागपूर आणि आसपासच्या मुलखातून. मुंडा, उरांव, संथाळ, खडिया आणि त्यांच्याबरोबर हिंदू समाजाने गावाबाहेर ठेवलेल्या जाती. ठरलेले काम पुरे केले की एक ‘हाजिरा’ भरे. अनेक मळ्यांत त्या हाजिऱ्याची खूण म्हणून अशी चकती मिळे. गोल, चौकोनी, त्रिकोणी अशा या चकत्यांपैकी कित्येक थेट इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमला पाडून आणलेल्या होत्या.

मळेवाल्यांचे म्हणणे असे की, त्या दूरच्या प्रदेशात तांब्याची मोड मिळत नसे. हे खोटे नाही. पण टंचाई हे कारण अर्धेच आहे. सरकारी पैसा कुठल्याही बाजारात चालतो, आगबोटीच्या तिकिटालाही चालतो. मळ्याची चकती मळ्याच्या कचेरीत आणि तिच्या ओळखीच्या दुकानात चालणार. तिचे रुपये करून देणे कचेरीच्या हाती, आणि त्याच कचेरीत मजुराच्या नावावर उचल मांडलेली.

या चकतीला कायद्याची जोड होती. १८५९ च्या तेराव्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणे हा फौजदारी गुन्हा ठरवला; तो रद्द करणारा कायदा १९२५ साली आला. १८६५ च्या कायद्याने पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४ आणि मुलाला ३ अशी किमान मजुरी ठरवली, आणि पळालेल्या मजुराला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार खुद्द मळेवाल्याला दिला. एका हाताने रुपये लिहून दिले, दुसऱ्या हाताने दोरी दिली! हा पकडण्याचा अधिकार १९०८ मध्ये काढून घेण्यात आला. १८८९ साली सरकारने खासगी धातूचा पैसा पाडण्यावर बंदी घातली, तरी मळ्यांवरच्या चकत्या चालूच राहिल्या. हा पैसा नव्हे, हजेरीची खूण आहे, असे म्हणायची सोय होतीच.

हे वाचताना मला बलुत्याची आठवण येते. आपल्याकडे चकती नव्हती, पण सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य आणि दारोदार मागितलेली भाकर हीदेखील गावाच्या वेशीपलीकडे न चालणारी मजुरीच होती. किती द्यायचे, केव्हा द्यायचे, द्यायचे की नाही, हे देणाराच ठरवी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे विधेयक मांडले, त्यात बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारमार्फत वसूल व्हावी ही मागणी होती. पाचच वर्षांपूर्वी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाने ती केली, हे आपले अभ्यासक सहसा एकत्र वाचत नाहीत. नाणे काढणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, असे ग्रंथात सांगणारा माणूस महाराची मजुरी रयतेच्या मर्जीवर कशी सोडील? ते विधेयक मंजूर झाले नाही.

आसामात मजुरांनी विधेयकाची वाट पाहिली नाही. मे १९२१ मध्ये सुरमा खोऱ्यातल्या चरगोला भागातले हजारो मजूर मळे सोडून निघाले. बायका, म्हातारी माणसे, कडेवर पोरे. अनेकांजवळ भाड्यापुरतेही पैसे नव्हते; कित्येक पायीच चालत होते. मेघना नदीकाठच्या चांदपूरला ते अडकले. २० मेच्या रात्री गुरखा शिपायांनी त्यांना रेल्वे स्टेशनातून मारून बाहेर काढले. मागोमाग पटकीची साथ आली. त्यांच्यासाठी रेल्वे आणि आगबोटींवरच्या कामगारांनी संप केला, आणि उरलेले आपापल्या मुलखाच्या वाटेला लागले.