छऱ्याचे घराणे

आज वर्सोव्याहून घाटकोपरकडे जाणारी मेट्रो ज्या भूमीवरून खांबांच्या आधाराने धावते, ती अंधेरी-मरोळची भूमी काही पिढ्यांपूर्वी भातखाचरांची होती. आणि पावसाळा सरून खाचरांतले पाणी ओसरू लागले की उत्तरेकडून आलेले पाणलावे त्या चिखलात उतरत, व त्यांच्यामागोमाग मुंबईहून बंदुकवालेही उतरत. त्या काळी एतद्देशीयांस हत्याराचा परवाना मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदूक ही सरकारच्या मर्जीची वस्तू करून ठेवली होती, आणि राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून त्या कायद्याविरुद्ध ठरावांमागून ठराव होत असताही, ज्यांच्या पदरी तो परवाना पडे अशा इनामदार, खोत वा वकील घराण्यांत विलायती दुनळी बंदूक ही दिवाणखान्यातील प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसे. १८९१ च्या सुमारास मुंबईत आलेल्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची इमारत काळ्या घोड्यापाशी अद्याप उभी आहे. तसल्या दुकानांतून घेतलेल्या बंदुकाही वारसाहक्काने अजून या घरातून त्या घरात जात असतात. अशा जुन्या बंदुकीत शिशाऐवजी पोलादाचे छरे घालावेत काय, हा प्रश्न विलायतेत आणि अमेरिकेत गेली कित्येक वर्षे चर्चिला जात आहे, आणि त्या देशांत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना बंदुकीचा नाद लागला त्यांनाही तो चुकलेला नाही. त्याचे उत्तर एका शब्दात देणे धोक्याचे आहे. ते समजून घेण्यासाठी छऱ्याच्या कुळापर्यंत मागे जावे लागते.

हे कूळ शिशाचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून सुरत-मुंबईच्या बंदरांत बनात आणि तांबे यांच्या जोडीने शिसेही उतरत असे, आणि दारूगोळ्याच्या हिशेबात त्याचे मोल मोठे होते. पाण्याच्या अकरापट जड, ३२७ अंशांवर वितळणारी, नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ, आणि तरीही स्वस्त, अशी दुसरी धातू माणसाला ठाऊक नव्हती. प्रारंभी शिशाच्या पत्र्याचे चौकोनी तुकडे पाडून ते एकमेकांवर घासून गोलसर करीत. १६६५ साली रॉबर्ट हूकने आपल्या सूक्ष्मदर्शनविषयक ग्रंथात राजपुत्र रूपर्टची नवी कृती प्रसिद्ध केली: वितळलेल्या शिशात थोडा हरताळ मिसळावा आणि तो रस सच्छिद्र ताटलीतून पाण्यात सोडावा. हरताळ म्हणजे सोमलाचेच एक खनिज, आणि आपल्याकडे पोथीतला अशुद्ध मजकूर झाकण्यासाठी तोच वापरीत. लेखनिकाच्या चुका पुसणाऱ्या या पिवळ्या द्रव्याने तिकडे शिशाचे थेंब वाटोळे करावेत, हा योग मोठा गमतीचा आहे. तथापि रूपर्टचे छरे पुरते गोल होत नसत, कारण थेंबाला थिजण्यापूर्वी अंतराळात पुरेसा अवकाशच मिळत नसे. तो अवकाश ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने दिला. व्यवसायाने नळकाम करणाऱ्या या गृहस्थाने १७८२ साली एकस्व मिळविले, आपल्याच घरावर मनोरा चढविला, घराखाली खोल खड्डा खणला, आणि हलवायाने झाऱ्यातून बुंदी पाडावी तसे वरून शिसे पाडून तळच्या पाण्यात झेलले. फरक इतकाच की, हलवायाचा थेंब कढईत पडून तळला जातो, आणि वॉट्सचा थेंब पडता पडता आपल्याच पृष्ठताणाने गोल होऊन थिजत येतो. हे घर १९६८ पर्यंत उभे होते.

शिशाचे राज्य केवळ छऱ्यापुरते नव्हते. बंदुकीचे मापदेखील त्याच्याच दप्तरी नोंदले गेले. बारा बोअरची बंदूक म्हणजे जिच्या नळीत, एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता, त्यांतली एक नेमकी बसेल अशी बंदूक; म्हणून तो व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटरांचा. पुढे काडतुसे आली, आणि त्यांच्या मागून नळीच्या मुखाशी किंचित आवळपण ठेवण्याची विद्या आली. तिला बंदूकवाले चोक म्हणतात. न्यूकॅसलच्या पेप या बंदूककाराने १८६६ त तिचे एकस्व घेतले होते. पण १८७४ त बर्मिंगहॅमच्या ग्रीनरने तिचा प्रसार आरंभला आणि १८७५ च्या लंडनमधील चाचण्यांनी तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सरळ नळीतून सुटलेल्या छऱ्यांपैकी चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात सुमारे ४० टक्के पडत, तर पूर्ण चोकमधून ७० टक्के. हा चमत्कार घडवणारे आवळपण असते अवघे एक मिलिमीटर. ते सोसले कसे जाते? तर शिसे मऊ असल्यामुळे. काठाचे छरे चेपतात, थोडे चपटे होतात, एकमेकांना वाट देतात, आणि सारा पुंजका त्या अरुंद मुखातून निसटतो. ग्रीनरने लोखंड कापले खरे, पण त्याची सारी गणिते शिशाच्या मृदुत्वावर उभी होती. जुन्या बंदुकीत हे आवळपण नळीतच कोरलेले असते, हल्लीच्या बंदुकीप्रमाणे ते मळसूत्राने काढून बदलता येत नाही. म्हणून तिला स्थिर चोकची बंदूक म्हणतात.

ज्या मृदुत्वामुळे हे सारे साधले, तेच मृदुत्व पुढे पाणथळीत भोवले. सहा नंबरच्या एका औंस छऱ्यांत सुमारे २७० दाणे असतात. पक्ष्याला चार-दोन लागतात आणि बाकीचे चिखलात जातात. बदकांना दात नसतात. त्यांची पेषणी धान्य दळते ती गिळलेल्या खड्यांच्या साह्याने, आणि छरा हा त्यांना खडाच वाटतो. तो पेषणीत घासला जातो, पाचकरसात विरघळतो आणि रक्तात उतरतो. पक्ष्याचे पंख लुळे पडतात आणि अन्न पोटात असताही तो उपासमारीने मरतो. टेक्ससमध्ये असे मृत पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दिसले होते, १८९४ साली ग्रिनेलने त्यावर लिहिले होते. परंतु पक्षिअभ्यासक फ्रँक बेलरोजने १९५९ त असा अंदाज मांडला की, उत्तर अमेरिकेतील पाणपक्ष्यांपैकी दरसाल दोन-तीन टक्के शिशाने मरत असावेत, तेव्हा कोठे सरकारी यंत्रणा हलली. मेलेली बदके खाऊन तेथील राष्ट्रीय पक्षी असलेला गरुडही मरू लागला, हे त्या प्रजासत्ताकास अधिक झोंबले असावे. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीपुरते शिसे १९९१ पासून देशभर बंद झाले. डेन्मार्कने पाणथळींतून ते १९८५ त आणि सर्वत्र १९९६ त हद्दपार केले. इंग्लंडने रानबदकांसाठी १९९९ त मनाई केली. युरोपीय संघाची पाणथळींतील बंदी फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आली.

आपल्याकडे मात्र इतिहासाने निराळे वळण घेतले, आणि माझ्या मते या कुळकथेतले सर्वांत लक्षणीय वळण हेच. मुंबई राज्याने १९५१ त वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला, १९७२ त केंद्राचा कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही संपली. त्या देशांनी छरा बदलला आणि शिकार राखली; आपण शिकार थांबवली आणि छरा होता तसाच राहू दिला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. त्याची बारा बोअरची काडतुसे आजही शिशाचीच भरली जातात. कोकणात शेतरक्षणाच्या परवान्यावर रानडुकरांसाठी आणि वानरांसाठी बंदूक बाळगणारा बागायतदार, जो निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतो, त्याच्या खांद्यावर शिशाचेच राज्य अखंड चालू आहे. त्यामुळे पोलादी छऱ्याचा आणि जुन्या नळीचा सामना कसा होतो, याचा अनुभव आपल्या बंदूकदुरुस्ती करणाऱ्यांस फारसा आलेला नाही.

तो सामना असा होतो. पोलादी छरा हे नाव भारदस्त खरे, वस्तुतः ते भट्टीत तापवून मऊ केलेले लोखंड असते. तरी शिशापेक्षा ते कितीतरी पट कठीण आणि घनतेने सुमारे ७.८, म्हणजे शिशाच्या दोन-तृतीयांशाच्या थोडेसे वर. हे दाणे चेपत नाहीत. चोकमध्ये शिरताना ते एकमेकांस अडवून कमान धरतात, आणि तो सारा रेटा नळीच्या भिंतीवर पडतो. पातळ भिंतीची जुनी नळी अशा वेळी चोकच्या जागी आतून बाहेर फुगते. दुनळीत तर दोन्ही नळ्या जोडणारी डाखाची पट्टी सुटू शकते. रिकामी, उघडलेली नळी उजेडाकडे धरून आत पाहिले असता कंकणासारखी एक छाया दिसली, तर ही इजा झाली असे समजावे आणि ती बंदूक पुन्हा डागू नये. याशिवाय छरे नळीत घासले जाऊ नयेत म्हणून काडतुसात छऱ्यांभोवती जाड प्लॅस्टिकचा पेला असतो. तो नसलेले पोलादी काडतूस हे नळीचे वैरी होय.

म्हणून परीक्षेची सुरुवात नळीवरील ठशांपासून करावी. नळीची परीक्षा करून ठसा उमटवणारे लंडनचे परीक्षागृह १६३७ चे आणि बर्मिंगहॅमचे १८१३ चे. तेथे उमटलेला ठसा काळ्या दारूपुरता आहे की निर्धूर दारूचा, हे प्रथम वाचून घ्यावे. काळ्या दारूच्या ठशाची नळी, आणि लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, वेटाळून घणाखाली एकजीव केलेली जौहरदार दमास्कस नळी, ही दोन्ही पोलादी छऱ्यांसाठी वर्ज्य. निर्धूर दारूच्या ठशाची, निकोप भिंतीची आणि अर्ध्या चोकपेक्षा अधिक आवळ नसलेली बंदूक असेल, तर साधे पोलादी काडतूस चालू शकते. बारा बोअरमध्ये अशा काडतुसातील दाणा ३.२५ मिलिमीटरांहून मोठा नसतो. उच्च दाबाचे काडतूस केवळ लिलीच्या फुलाचा ठसा असलेल्या बंदुकीसाठी आहे. आपल्या जुन्या विलायती बंदुकांवर तो असण्याचे कारणच नाही. मग काडतुसाची लांबी पाहावी, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. जुन्या बंदुकीचे चेंबर बहुधा ६५ मिलिमीटरांचे असते, आणि ७० चे काडतूस त्यात विनासायास बसते, कारण लिहिलेली लांबी ही डागल्यानंतर तोंड उघडलेल्या काडतुसाची असते. बार उडताच ते तोंड पुढच्या अरुंद भागात उलगडते आणि दाब भलताच चढतो. पूर्ण चोक असेल तर जाणत्या कारागिराकडून तो मोकळा करून घेता येतो, पण भिंतीची जाडी मोजून, आणि लागल्यास नळी पुन्हा परीक्षेस लावून. घरी काडतुसे भरणाऱ्याने शिशाच्या मापाच्या दारूवर पोलाद कदापि ओतू नये. आणि दगडावरून वा पाण्यावरून पोलाद उसळून परतते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा.

पोलाद हलके असल्यामुळे लवकर मंदावते. यास्तव सहा नंबरच्या शिशाच्या जागी चार नंबरचे पोलाद घेतात आणि पस्तीस यार्डांच्या पलीकडे नेम धरीत नाहीत. मात्र दाणे न चेपल्याने पुंजका घट्ट राहतो, तेव्हा पाव चोकनेच अर्ध्याचे काम भागते. ज्याला जुनी नळी काहीही करून जपायची आहे त्याने बिस्मथकडे वळावे: घनता सुमारे ९.६, कथिलाची जोड दिलेले, पोलादापेक्षा कितीतरी मऊ, आणि म्हणून ग्रीनरच्या गणितात बसणारे. टंगस्टनची भुकटी प्लॅस्टिकात बांधून केलेले छरेही वजनाला शिशाच्या जवळ जातात. दोहोंची किंमत मात्र पोलादाच्या कितीतरी पट पडते, आणि काडतुसाची लांबी व दाब यांविषयीची सावधगिरी त्यांनाही तितकीच लागू आहे.

हत्यारांच्या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनावरून दोनावर आली, तेव्हा वारसाने आलेली जास्तीची बंदूक ठेवावी की जमा करावी, असा विचार अनेक घरांत करावा लागला. पोलादाच्या काडतुसांचा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. तरी त्यापूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा कारागिराकडून नळीच्या तळाचे ठसे वाचून घेतले असते, तर ती बंदूक कोणत्या दारूसाठी, किती लांबीच्या काडतुसासाठी आणि किती आवळपणाची आहे, हे निदान परवान्याच्या कागदांसोबत लिहून ठेवता आले असते.