व्हॉट्सॲपच्या शंभर वर्षं आधी

इस्लामपुरातला दुकानदार आज स्टेटसला मालाचा फोटो टाकतो. खर्च काय, तर रिचार्जचा. यावर शोधनिबंध लिहायला बसलो की आपण इतिहास थेट स्मार्टफोनपासून सुरू करतो.

याच सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीला, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. गिऱ्हाईक खेडोपाडी विखुरलेलं. १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. संपादक शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याच्या बातम्यांसोबत ते वाचनीय मजकूरही देऊ लागले. आज याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात, असो! पुढे नावातली ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० ला ‘स्त्री’, १९३४ ला ‘मनोहर’ आलं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख ‘किर्लोस्कर’मध्ये आले. ते वाचणारा प्रत्येक जण काही नांगर घेणारा नव्हता. वाचक वाढले म्हणून नांगर खपले, असं थेट लिहिता येत नाही. त्यासाठी विक्रीच्या वह्या वेगळ्या बघाव्या लागतात. आपण लाइक मोजून विक्रीचा निष्कर्ष काढतो, तेव्हा नेमकं हेच विसरतो.

आणि ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं? मासिकाला संपादक लागला, तसं स्टेटसलाही रोज कुणीतरी बसतंच. तो वेळ आपल्या खर्चाच्या रकान्यात नसतो. प्रश्नावलीत ‘फॉलोअर किती?’च्या खाली एक ओळ वाढवा: स्टेटस कोण टाकतं, आणि रोज किती वेळ जातो?