दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नव्हे!

जुनी मोटार घरी येऊन महिनाही होत नाही, तोच डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडून 'कोड' पुसला जातो, एखादा सेन्सर बदलला जातो आणि आठवडाभरात दिवा पुन्हा हजर! खर्च वाढत जातो, दोष मात्र तसाच राहतो. कोड हेच निदान समजण्याची चूक बहुधा याच्या मुळाशी असते.

अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना 'ओबीडी-२' ही स्वयंनिदान प्रणाली बंधनकारक झाली. भारतात तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० मध्ये, तर दुसरा एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमधून स्कॅनरला संगणकाने नोंदलेले कोड वाचता येतात.

कोड लक्षण सांगतो

'पी ०१७१' या कोडचा अर्थ इंजिनातील मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त आहे, एवढाच. ऑक्सिजन सेन्सरने ही तक्रार नोंदवली म्हणून तोच बिघडला असे ठरत नाही. हवेच्या नळीला गेलेली चीर, मळलेला हवामापक सेन्सर, तुंबलेला फिल्टर किंवा दुबळा पेट्रोल पंप यांपैकी काहीही कारण असू शकते. हवामापक सेन्सर असलेल्या गाडीत 'फ्युएल ट्रिम'चा आकडा उभ्या गाडीत जास्त आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर हवेची गळती संभवते. भार वाढताच आकडाही वाढला, तर पेट्रोलचा पुरवठा तपासावा.

क्रम महत्त्वाचा

कोड पुसण्यापूर्वी सर्व कोड लिहून घ्यावेत. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान व भार 'फ्रीझ फ्रेम'मध्ये साठवलेला असतो; कोड पुसताच ही माहितीही जाते. 'पी ०३००' (ज्वलन चुकणे) आणि 'पी ०४२०' (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटणे) एकत्र आढळल्यास आधी स्पार्क प्लग व इग्निशन कॉइल तपासावेत. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरला निकामी करते. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेला महागडा नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जातो. दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून गाडी लवकरात लवकर सुरक्षित जागी थांबवावी.

खरेदीपूर्वी

किल्ली फिरवल्यावर हा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब गेलेला किंवा मुद्दाम काढलेला असू शकतो. स्कॅनरवर 'रेडिनेस' तपासण्याही पाहाव्यात. त्यांतील बऱ्याचशा अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेले असण्याची किंवा बॅटरी काढलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी काही दिवस गाडी चालवून पुन्हा तपासणी करण्याचा आग्रह धरावा. विक्रेता त्यास तयार नसेल, तर व्यवहार न करणेच शहाणपणाचे.